आधी पोळी बंद, मग इंजेक्शनं

तेरा वर्षांच्या मुलीची उंची खुंटलीय, पाळीचा पत्ता नाही, तर ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं लगेच सुरू करावीत का, असं एका पालकांनी विचारलंय. सीलिअ‍ॅकचं (गहू-जवातल्या ग्लूटेनमुळे आतडं सुजतं, त्या आजाराचं) निदान पक्कं असेल तर घाई नको. आतडं सुजलेलं असताना आयजीएफ-१ हे वाढीला लागणारं हार्मोन कमी बनतं, ग्रोथ हार्मोनची चाचणीही तात्पुरती कमी येऊ शकते. गहू, जव काटेकोर बंद केले की बहुतेक मुलांची उंची वर्षभरात वेग घेते, पाळीही मागोमाग येते. नाहीच वाढली तर पुन्हा तपासणी.

सोबत थायरॉइडचा त्रास असेल तर त्याचं मात्र वेगळं. हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) पोळी सोडून जात नाही. उलट थायरॉइडची गोळी नीट शोषली जाऊ लागल्यावर डोस कमी करावा लागू शकतो. आणि हो, हिंगाची डबी वाचा, त्यात बऱ्याचदा मैदा असतो!