तंजावर-कुंभकोणम, आई-बाबांसोबत: काय ठेवू, काय गाळू?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या उत्तरार्धात आई-बाबांना घेऊन तंजावरला जायचं घाटतंय. हाताशी तीन-चार दिवस. तिरुचिरापल्लीपर्यंत विमान आणि पुढे गाडी, एवढंच पक्कं आहे. बाकी सगळा गोंधळ यूट्यूबवाल्यांनी घालून ठेवलाय.

बाबा निवृत्त शिक्षक, हौसेने मोडी शिकलेत. देवदर्शनापेक्षा त्यांना तंजावरचे भोसले राजे, व्यंकोजीराजे आणि सरफोजीराजे, महत्त्वाचे. बृहदीश्वराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख आहे असं वाचल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आईला देवळं हवीत, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत आणि उन्हात अनवाणी चालवत नाही.

एक टूरवाला 'एका दिवसात नवग्रह' असं पॅकेज गळ्यात मारतोय. पहाटे निघायचं, नऊ देवळं करून रात्री परत. आई मोहात पडलीय. करावं का? मुक्काम तंजावरला बरा की कुंभकोणमला? गंगैकोंडचोळपुरमचं चोळकालीन देऊळ बसेल का? सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आपल्यासारख्यांना बघायला मिळतात का? आणि बाबांच्या चहाचं काय?

(सांबार तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं ही गोष्ट कृपया कुणी सांगू नका. ती आमच्याकडे रोज जेवताना होते.)

प्रतिसाद:

नवग्रहाचं पॅकेज सोडा. मुळात ती नऊ ठिकाणं एका जिल्ह्यातलीच नाहीत. सूर्यनार कोविल, शुक्राचं कंजनूर, राहूचं तिरुनागेश्वरम, चंद्राचं तिंगळूर ही तंजावर जिल्ह्यात. गुरूचं आलंगुडी तिरुवारूर जिल्ह्यात, मंगळाचं वैदीश्वरन कोविल मयिलाडुतुरैमध्ये आणि शनीचं तिरुनळ्ळार तर पुदुच्चेरीच्या कारैक्कालमध्ये. त्यात तिकडची देवळं दुपारी मिटतात ती चारच्या सुमारास उघडतात. म्हणजे आई दिवसभर गाडीत आणि देव पाच-पाच मिनिटं. हौसच असेल तर तिरुनागेश्वरम करा, कुंभकोणमहून जवळ आहे. अभिषेकाचं दूध राहूच्या अंगावरून ओघळताना निळं होतं अशी तिथली श्रद्धा.

बृहदीश्वर मात्र दोनदा करा, एकदा सकाळी लवकर आणि एकदा दिवेलागणीला. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेलं देऊळ, साठ मीटरांच्या वर विमान (म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर), सगळं ग्रॅनाइट. ऊन चढलं की अंगणातली फरशी चटके देते, आईंना जाड मोजे घालू द्या. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणीतरी सांगेलच. पडते, चांगली लांबलचक पडते.

शिलालेख नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर आहे. दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये कोरलेला. लिपी देवनागरी, त्यामुळे तुम्हालाही वाचता येईल. ऊन तिरपं असताना जा, डोक्यावरच्या उन्हात कोरीव अक्षरं सपाट दिसतात. बाबांसाठी वेळ राखून ठेवा, ते सहज हलणार नाहीत.

सरस्वती महालात पर्यटकांना संग्रहालयाचा भाग दिसतो. मूळ कागद चाळायचे तर अभ्यासक म्हणून आधी परवानगी काढावी लागते, पत्र आत्ताच पाठवा. राजवाड्याच्या आवारातच चोळांच्या ब्राँझ मूर्तींचं दालन आहे, माझ्या मते अख्ख्या तंजावरात देवळाखालोखाल तेच. आणि श्वार्ट्झ या मिशनऱ्याचं १७७९ चं चर्च. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात हाती घेतलेले सरफोजी. आपल्याकडचे बरेच जण हे न बघताच परततात.

प्रतिसाद:

मुक्काम वाटून घ्या, निम्मा तंजावरला, निम्मा कुंभकोणमला. अंतर चाळीसेक किलोमीटर.

दारासुरम कुंभकोणमला लागूनच आहे. दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वर. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे जोडून रथ केलाय, तो सगळे बघतात. पण गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला खालच्या बाजूला शैव संतांच्या, ६३ नायनारांच्या, कथांची जेमतेम वीत-दीड वीत उंचीची पट्टी आहे. ती बघायला उकिडवं बसावं लागतं. आई नाही, तुम्ही बसा आणि फोटो काढून त्यांना दाखवा.

स्वामीमलैला मुरुगनच्या (म्हणजे कार्तिकेयाच्या) देवळाला ६० पायऱ्या आहेत. आई खाली थांबल्या तरी हरकत नाही, गावात मेणाचा नमुना करून पंचधातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर आहेत. गंगैकोंडचोळपुरम शेजारच्या अरियलूर जिल्ह्यात, कुंभकोणमहून अर्ध्या दिवसात होतं.

तारखा पक्क्या करण्याआधी पंचांगात पौष वद्य पंचमी बघा. त्या दिवशी तिरुवैयारूला कावेरीकाठी कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच प्रसिद्ध रचना, पंचरत्न कृती, गातात. ऐकायचं असेल तर पर्वणी, नसेल तर तो दिवस टाळा. तंजावरहून जेमतेम १३ किलोमीटर असल्याने गावातल्या खोल्या लवकर भरतात.

चहा मिळतो हो. पण कुंभकोणमात बाबांसमोर पितळी पेल्यातली डिग्री कॉफी (तिकडची दुधाळ फिल्टर कॉफी) ठेवून बघा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. नवग्रह रद्द, आईने तिरुनागेश्वरमवर तडजोड केली. दारासुरमचं उकिडवं बसणं माझ्याकडे.

आता बाबांनी नवीन काढलंय: नेपोलियन हरल्याच्या आनंदात सरफोजीराजांनी पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्राकाठी बांधलेला मनोरा. नकाशात तंजावरहून साठ-पासष्ट किलोमीटर दिसतोय, म्हणजे अर्धा दिवस जाणार. नुसता लांबून बघण्यासारखा आहे की आत सोडतात? अलीकडे कुणी जाऊन आलंय का?