धुण्याच्या जागेला तपकिरी भिंती? ज्यांनी केल्यात त्यांनी लिहा

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटला स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी आहे, ४ बाय ७ फूट. नाव ड्राय, पण कायम ओली. मशीन, साबणाचा डबा, केरसुणी, कांद्याची टोपली, सगळा संसार तिथंच. दिवाळीआधी तिची नीट धुण्याची खोली करायचं ठरलंय आणि माझ्या मनात भिंतींसाठी ऊबदार तपकिरी भरलाय. चॉकलेटी नव्हे, काकवी आणि भाजलेला रवा यांच्या मधला कुठला तरी. ह्यांचं म्हणणं, चार फुटांच्या जागेत तपकिरी म्हणजे अंधारकोठडी. शेडकार्डावर सगळंच छान दिसतं, म्हणून ज्यांनी असा रंग दिलाय आणि त्यावरून एक तरी पावसाळा गेलाय, त्यांनी सांगा. पस्तावलेल्यांनी आधी.

गंगापूर रोड

पस्तावलेल्यांत पहिला नंबर माझा. रंग सुंदर होता, चूक फिनिशची. मी मॅट घेतला. आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षार भरपूर. कपडे खंगाळताना उडालेला प्रत्येक थेंब वाळून पांढरा ठिपका सोडतो. पांढऱ्या भिंतीवर हे ठिपके इतकी वर्षं दिसलेच नव्हते. ओल्या फडक्यानं पुसलं की ठिपका जातो, पण घासलेल्या जागी चकाकणारा पट्टा उरतो. आठ महिन्यांत भिंत चित्त्याच्या कातडीसारखी झाली. शेवटी ४ फुटांपर्यंत त्याच रंगाच्या टाइल्स लावल्या, वर सॅटिन फिनिश दिलं आणि छत पांढरंच ठेवलं. आता बरं आहे. टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी भरून घ्या, साधं सिमेंट काळं पडतं.

पंचवटी

तुम्ही नवीन म्हणून जे करताय ते आमच्या वाड्यात होतंच की. मागच्या चौकात धुण्याचा दगड, शेजारी तांब्याचा बंब, भिंतीला कमरेपर्यंत गेरू आणि वर चुना. गेरूचा तो तांबूस तपकिरी डब्यातल्या रंगाला येत नाही. पण त्याला एक खोड: कितीही डिंक घाला, हात लागला की निघतो. आजोबांचं धोतर वाळत घालताना भिंतीला टेकलं की काठाशी तांबडी रेघ, आणि मग आजीचा पट्टा सुरू. कपडे धुवायच्या जागीच कपडे मळवणारा रंग का देत असत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आताचा रंग अंगाला लागत नाही, द्या बिनधास्त. फक्त जुन्या आठवणीच्या नादात खरा गेरू कालवू नका. आमच्याकडे झालंय ते.

पाथर्डी फाटा

ताई, मी प्लंबिंगची कामं करतो. रंग शेवटी. आधी जमिनीवर तांब्याभर पाणी ओता; जिथं थांबेल तिथं उतार चुकलाय, तो जाळीकडे करून घ्या. मशीनच्या सांडपाण्याची नळी लोक खाली जमिनीवर सोडून देतात. मग पाणी भरता भरताच निघून जातं आणि गिऱ्हाईक म्हणतं मशीन बिघडलं. नळी दोन-सव्वादोन फूट वर उचलून अडकवायची, एवढंच. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर दाब बघा. टाकी नळाच्या १० मीटर वर असली तर साधारण १ बार मिळतो, ३ मीटरला फक्त ०.३. किती लागतो ते मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट नळापासून लांब, आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. रंग झाल्यावर भिंत फोडायला मला बोलावणारे फार भेटतात.

कॉलेज रोड

माझं जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

एप्रिलमध्ये एक भिंत तपकिरी केली, खजुराच्या रंगाची. दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. जुलैच्या शेवटी मशीनच्या वर, साधारण खांद्याच्या उंचीवर, एक फिकट ढग दिसला. वाटलं साबणाची पावडर उडाली असेल. बोट फिरवलं तर बोटाला मऊ, पिठासारखं काही तरी लागलं. पुसलं. चार दिवसांनी पुन्हा, या वेळी कापसासारखे बारीक पांढरे तंतू. ऑगस्टमध्ये त्यांच्याखालचा रंग फुगला, आणि नखानं टोचलं तर बांगडीएवढा पोपडा अलगद हातात आला. मागचं पुट्टी ओलं, दह्यासारखं.

पेंटरनं खरवडून पुन्हा रंग दिला. दीड महिन्यात पुन्हा तेच. तेव्हा मी रंगाला, कंपनीला, तपकिरी सुचवणाऱ्या बहिणीला, सगळ्यांना बोल लावून झाले. शेवटी शेजारच्या काकांनी एक साधी परीक्षा सांगितली. भिंतीवर हातभर जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्कं लावायचं आणि दोन-तीन दिवसांनी बघायचं. प्लास्टिकच्या वर दव असेल तर ओल खोलीतल्या हवेची; प्लास्टिकच्या आत असेल तर भिंतीतूनच येते. आमच्या प्लास्टिकच्या आत घाम फुटला होता. पलीकडे बाथरूम. गिझरच्या पाइपचा एक एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, भिंतीच्या पोटात थेंब थेंब गळत होता. तो बदलला आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत अडीच महिने उघडी ठेवली. प्लास्टर वाळायची वाट बघणं हाच या कामातला सगळ्यात अवघड भाग. मग तोच खजूर रंग दिला. दोन पावसाळे झाले, काही नाही.

सांगायचं म्हणजे, तो एल्बो पांढऱ्या रंगाच्या काळातही गळतच असणार. ते पीठ आणि तंतू म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून आलेलं मीठ; पांढऱ्यावर पांढरं मीठ कोणाला दिसतंय? तपकिरीनं चुगली केली. बहिणीची माफी मागितली आहे, अर्धी.

नाशिकरोड

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालोय, छटा बघण्यात आयुष्य गेलं, म्हणून उजेडावर चार शब्द. तपकिरी भिंत उजेड पितेही आणि आपला रंग त्यात कालवतेही. त्यात पिवळा, २७०० केल्व्हिनचा दिवा लावलात तर खोली ऊबदार दिसेल हे खरं, पण पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग दिसणार नाही. नातवाचा युनिफॉर्म असाच "स्वच्छ" घडी होऊन कपाटात गेला. शाळेच्या रिक्षात बसताना उन्हात डाग उगवला! आता मशीनच्या बरोबर वर ४००० केल्व्हिनची पट्टी लावलीय. शेड ठरवण्याआधी एक पांढरा रुमाल भिंतीशी धरा, सकाळी एकदा आणि रात्री दिवा लावून एकदा. रुमाल मळका वाटला तर एक छटा फिकट घ्या.

सिडको

खोली कसली घेऊन बसलात, आमचं मशीन जिन्याखाली आहे. दाराचा उरलेला तपकिरी ऑइलपेंट तिथल्या भिंतीला फासला. नऊ वर्षं झाली. धूळ दिसत नाही. पुढचा प्रश्न?

इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. अंधारकोठडीचा वाद असा मिटला की खिडकीसमोरची एकच भिंत तपकिरी, बाकी ताकासारख्या पांढऱ्या. खाली ४ फूट टाइल्स. पाथर्डीच्या दादांच्या सांगण्यावरून तांब्या ओतला; पाणी थेट कांद्याच्या टोपलीखाली जाऊन बसलं, म्हणजे आधी उतार. रुमालाची परीक्षा सकाळी पास, रात्री नापास, दिवा बदलतेय.

प्लास्टिकही चिकटवलंय. आज दुसरा दिवस, आतून अजून कोरडं आहे. बाहेरून मात्र ह्यांनी त्यावर मार्करनं दुधाचा हिशेब मांडायला सुरुवात केलीय.