गोधड्या धुवायच्या मशीनला घरघंटीची एक एचपीची मोटर बसवू का?

ओढ्याकाठची (कराड तालुका)

नमस्कार. प्रश्न जरा लांबडा आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहिते.

मी कराडपासून आत एका गावात राहते. दोन वर्षं झाली, गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या गोधड्या, वाकळा, सोलापुरी चादरी धुऊन देते. पितृपंधरवडा हा माझा खरा सीझन. घट बसायच्या आत घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुऊन निघायला लागतं, आणि आता बऱ्याच घरांत दोन म्हातारी माणसंच उरलीत. पोरं पुण्याला. त्यांच्याच्यानं भिजलेली गोधडी ओढ्यावरून उचलून आणवत नाही. गोधडीचे ८० रुपये घेते, चादरीचे ३०.

मशीन आठ किलोचं, दोन टबचं सेमी-ऑटोमॅटिक, सहा वर्षांचं. चादरी चांगल्या धुतं. गोधडी टाकली की मोटर नुसती गुंऽऽ करते, खालची चकती अर्धा फेरा घेते आणि अडते. दोन-तीन मिनिटांत गरम वास येतो, मग तो आवाजही बंद. वीस मिनिटं गप्प बसलं की आपलं आपण परत चालू होतं. काल ताणकाट्याला गोधडी अडकवून बघितली. कोरडी ३ किलो ८०० ग्रॅम, भिजवून निथळल्यावर ११ किलोच्या वर.

शेजारचा मुलगा आयटीआय करतोय. त्याचं म्हणणं, मशीनची मोटर लेचीपेची आहे, ती काढून आमच्या बंद पडलेल्या घरघंटीची मोटर बसवू. तिच्यावर एक एचपी, १४४० असं लिहिलंय. मागचा पत्रा कापून, लोखंडी पट्टीवर बसवून देतो म्हणाला. पोरगा हुशार आहे, मनापासून सांगतोय.

एक गोष्ट मनातून जात नाही ती पण सांगते. गेल्या वर्षी एका आजींच्या गोधडीचा काठ चकतीखाली गेला, मोटर अडली आणि काठ टरकला. त्यांच्या आईच्या लुगड्याची होती ती. आजी काही बोलल्या नाहीत, मीच रात्री बसून टाके घातले. मोटरीत दम असता तर असं झालं नसतं, असं मला वाटतं. बसवू का ही मोटर? घट बसायला १९ दिवस राहिलेत.

जुगाडी इस्लामपूर

ताई, बसवा. मी आमच्या मशीनच्या ड्रायरला पंपाची २८०० आरपीएमची मोटर लावलीय. कपडे घडी घालून ठेवावेत इतके कोरडे निघतात. आठ महिने झाले, अजून काही त्रास नाही. पुली नीट लाइनमध्ये बसली पाहिजे, बाकी काही अवघड नाही.

वाइंडिंगवाला इचलकरंजी

ताईंना उत्तर देण्याआधी इस्लामपूरच्या दादांना हात जोडून सांगतो, ती मोटर आज काढा. ड्रायरचं प्लॅस्टिकचं पिंप १४०० आरपीएमच्या आसपास फिरायला बनवलेलं असतं. तेवढ्या फेऱ्यांनाच १०० ग्रॅमचा ओला मोजा भिंतीवर २० किलोच्या वर दाबतो. फेरे दुप्पट केले की दाब चौपट होतो, म्हणजे तोच मोजा नव्वद किलोंनी दाबायला लागला. आठ महिने टिकलंय म्हणजे पिंपाला आठ महिने ताण बसलाय. त्याला चीर कुठून सुरू होतेय ते बाहेरून दिसत नाही. फुटलं तर झाकण ते अडवू शकत नाही, आणि मशीनजवळ बहुतेक घरातली बाई नाहीतर लेकरू उभं असतं.

आता ताई. मी इथे २६ वर्षं मोटरी भरतोय. मागाच्या जास्त, पण घरगुतीही रोज येतात. तुमची मोटर लेचीपेची नाही. ती अडते, तापते, बंद पडते आणि वीस मिनिटांनी उठते, हे वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या गुंडाळ्यांत, बसवलेल्या थर्मलचं काम आहे. थर्मल म्हणजे तापलं की वीज तोडणारा बारका स्विच. तो तुमची मोटर जळू देत नाही. त्याचे आभार माना आणि ती वेळ येतेच का ते शोधा.

घरघंटीची मोटर का चालणार नाही ते सांगतो. धुण्याची मोटर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरते ना? त्यासाठी तिच्यात दोन्ही वाइंडिंग अगदी सारखी भरलेली असतात. टायमर फक्त कंडेन्सर (मोटरीला जोर देणारी, वीज साठवणारी डबी) या वाइंडिंगवरून त्या वाइंडिंगवर टाकतो, की दिशा उलटते. घरघंटीच्या मोटरीत रनिंग जाड तारेचं आणि स्टार्टिंग बारीक तारेचं असतं. तिला या टायमरवर जोडलंत तर उलट्या फेऱ्याला सगळा भार बारीक तारेवर येणार आणि ते वाइंडिंग जळणार. त्याच्या आधी टायमरचे पॉइंट चिकटतील. एक एचपीची मोटर चालतानाच सहा-सात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. हा टायमर त्याच्यासाठी नाही.

वेगाचंही एक मनातून काढून टाका. मोटर मोठी म्हणून चकती जोरात फिरत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, चार पोलची मोटर असली की ती १५०० च्या थोडी खालीच फिरणार, पाव एचपीची असो नाहीतर एक. मोठी मोटर करते काय, तर समोर अडथळा आला तरी थांबत नाही.

आणि तुमच्या त्या आजींच्या गोधडीची गोष्ट इथेच येते. काठ चकतीखाली गेला आणि तुमची मोटर थांबली, म्हणून नुसता काठ गेला. एक एचपीची असती तर तिने अख्खी गोधडी चकतीभोवती ओढून घेतली असती, टाक्यासकट. ते टाके तुम्हाला घालता आले कारण मोटर अडली.

आता हे करून बघा. प्लग काढून, मागचं झाकण उघडून. आधी कंडेन्सर. प्लग काढला तरी त्यात वीज राहते. आयटीआयच्या मुलाला म्हणा की त्याच्या दोन टोकांना जुना तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) टेकवून तो रिकामा कर, मगच हात लाव, आणि मीटरवर मोज. वर १० मायक्रोफॅरड लिहिलं असेल आणि मीटर ६-७ दाखवत असेल तर मोटर जोर कुठून आणणार? नवा तेवढ्याच आकड्याचा टाका. 'जरा मोठा टाकू' करू नका, वाइंडिंग तापतं. मग पट्टा. अंगठ्याने मध्ये दाबा, अर्धा इंच गेला तर ठीक. लोंबत असेल आणि खाली काळी भुकटी पडली असेल तर तो घसरतोय. मग चकतीचा मधला स्क्रू काढून ती उचला आणि खाली काय अडकलंय ते बघा.

शेवटचं आणि माझ्या मते मुख्य. मशीन चालू असताना सॉकेटचं व्होल्टेज मोजा, सकाळी आणि संध्याकाळी. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे जातो. २३० च्या जागी १८० आले तर जोर निम्म्याच्या थोडा वर, साठ टक्के उरतो. गावाकडे शेतीपंप चालू झाले की हे होतंच.

अर्थिंग आहे का तेही बघा. ओल्या फरशीवर उभं राहून काम करता तुम्ही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. मोटरीवर जे पैसे घालणार होता ते तिथे घाला.

हॉस्टेलची लाँड्री, कोल्हापूर

वाइंडिंगवाल्या काकांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी हॉस्टेलच्या चादरी-रजया धुतो, सुरुवातीला हीच चूक केली होती.

ताई, आठ किलो हा आकडा कोरड्या, सुट्या कपड्यांचा असतो. शर्ट-साड्या पाण्यात फिरतात, एकमेकांवर घासतात. गोधडी एकसंध असते. ती टबभर फुगून बसते, फिरायला जागाच राहत नाही. मोटर कुठलीही लावा, पाणी फिरलं नाही तर मळ निघणार नाही. गोधडीचं काम भिजवण्यात आणि तुडवण्यात आहे. रात्री कोमट पाण्यात सोडा आणि साबण घालून भिजवा, सकाळी हौदात पायाने तुडवा. तुम्ही ओढ्याकाठच्या आहात, तुम्हाला मी काय सांगणार.

तुमची खरी अडचण पिळण्याची आहे असं मला वाटतं. अकरा किलोचं ओझं वाळत घालायला दोन माणसं लागतात. त्यासाठी जुना हायड्रो, म्हणजे कपडे पिळायचं मोठं मशीन, बघा. इचलकरंजीत प्रोसेसवाल्यांकडे वापरलेले मिळतात, आत स्टीलची जाळीची टोपली असते. पण त्याला थ्री फेज लागतं आणि काँक्रीटच्या फाउंडेशनवर बोल्ट मारून बसवायला लागतो. घरात ठेवायची वस्तू नाही ती. शेडमध्ये जागा असेल तर विचार करा.

ओढ्याकाठची (कराड तालुका)

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं.

कंडेन्सरवर १० लिहिलं होतं, मीटरवर ६.२ आला. नवा तेवढ्याचाच आणून टाकला. पट्ट्याखाली खरंच काळी भुकटी होती. मोटरीचे नट ढिले करून मोटर मागे ओढली, पट्टा ताणला. चकती काढली तर खाली मुठीएवढा दोऱ्याचा गुंता, दोन सेफ्टी पिना आणि एक मंगळसूत्राचा काळा मणी. तो मणी कुणाचा ते आता विचारत फिरायचंय.

व्होल्टेज सकाळी ११ ला २२१. संध्याकाळी सातला मशीन चालू असताना १८४. दोन वर्षं मी गोधड्यांचा घाणा संध्याकाळीच लावत होते, कारण दिवसा रानात असते.

आता चादरी दिवसा एकावेळी चार टाकते, आधी तीनवरच गुरगुरायचं. लहान मुलांची दुपटी, पातळ वाकळ छान फिरते. मोठी गोधडी मात्र नाही फिरत, ती हौदातच. जाऊबाईंना निम्मे पैसे ठरवून मदतीला घेतलंय, दोघी तुडवतो. पिळायला गोधडी उभी दोरीवर टाकून तासभर निथळू देतो, मग दोन काठांना दोघी धरून पीळ देतो. हायड्रोची चौकशी घट उठल्यावर करीन, थ्री फेजचं कोटेशन आधी बघायला लागेल.

काका, तुम्ही आजींच्या गोधडीचं लिहिलंत ते मी त्यांना जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी यंदा पण गोधडी दिलीय. मी ती मशीनला दाखवलीसुद्धा नाही.

एक विचारायचं राहिलं. आमच्या घराला अर्थिंगची तार आहे, पण ती खाली नुसती मातीत खोचलेली निघाली. वायरमन म्हणतो चालतं. चालतं का?

वाइंडिंगवाला इचलकरंजी

नाही चालत. खड्डा घेऊन त्यात पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा-मीठ, आणि वरून पाणी घालायला जागा, हे व्हायलाच पाहिजे. खड्डा हौदापासून लांब घ्या. आरसीसीबीसुद्धा टाकाच, तो अर्थिंगच्या बदल्यात नाही, दोन्ही लागतात. हे होईपर्यंत पायात रबरी चप्पल आणि टबमध्ये हात घालायच्या आधी प्लग बाहेर, दर वेळी. जाऊबाईंनाही सांगा.

जुगाडी इस्लामपूर

काका, मोटर काढली. पिंप काढून उजेडात धरलं, तळाच्या बाजूला दोन बोटं लांबीची चीर होती. आमची चार वर्षांची पोरगी तिथेच खेळते. जुनी मोटर परत बसवायला घेतोय, तिचा कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा घेऊ? वरचा आकडा पुसला गेलाय.

वाइंडिंगवाला इचलकरंजी

पिंप आधी बदला, चीर असलेलं जुन्या मोटरीवरही फिरवू नका. कंडेन्सरचा अंदाज मी इथून सांगणार नाही. झाकणाच्या आत सर्किटचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर ड्रायरच्या मोटरीसमोर आकडा असेल. नसला तर मोटर घेऊन जवळच्या वाइंडिंगच्या दुकानात जा, तो वाइंडिंग मोजून सांगेल.

ओढ्याकाठची (कराड तालुका)

इस्लामपूरचे दादा, बरं झालं बघितलंत.

अर्थिंगचा खड्डा उद्या घेतोय. घरघंटीच्या मोटरीचं बेअरिंगच गेलं होतं, शेजारच्या मुलाने नवं घातलं आणि ती घरघंटीलाच परत बसवली. काल ज्वारी दळून बघितली, पीठ बारीक आलं. गोधड्या ३४ झाल्या, २१ बाकी.