शब्दचर्चा : 'बुद्धिस्ट चर्च'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या जपानी बौद्धांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' हे नाव सारखं येतं. मी 'चर्च'चं सगळीकडे 'विहार' केलं, पण वाचताना अडखळायला होतंय.

– 'विहार' नको. त्या नावामागे काय घडलं ते पुसलं जाईल. जोदो शिनशू या जपानी बौद्ध पंथाचे दोन धर्मोपदेशक १८९९ मध्ये जपानहून सॅन फ्रान्सिस्कोला आले, तिथून ही परंपरा रुजली. पुढे संस्थेचं नाव होतं 'बुद्धिस्ट मिशन ऑफ नॉर्थ अमेरिका'. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू झाल्यावर अमेरिकी सरकारने १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडायला लावून काटेरी कुंपणाआड डांबलं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकी नागरिक! १९४४ मध्ये युटामधल्या टोपाझ छावणीत संस्थेने नाव बदललं आणि 'चर्चेस' आलं. आम्हीही इथलेच आहोत, हे त्यांना एका शब्दातून सांगावं लागलं. मला हे वाचताना फार लागतं.

– या 'चर्च'च्या आत गेलात तर ओळीने लाकडी बाकं, ऑर्गनवर गाथा (बौद्ध भक्तिगीतं), मुलांची 'धर्मा स्कूल', उपदेशकाला 'रेव्हरंड'. आणि समोर अमिदा बुद्ध, उदबत्तीचा वास.

– 'विहार' तरी कुठे जागेवर राहिलाय? अजिंठ्यात विहार म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. वंदनेची जागा चैत्यगृह, म्हणजे ९, १०, १९, २६ ही लेणी. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले. तिथे भिक्खू राहतोच असं नाही, पण लोक वंदनेला जमतात. समाजाने गरजेनुसार शब्दाला नवा अर्थ दिला. तिकडच्यांनीही तेच केलं.

प्रश्नकर्ती : मग 'प्रार्थनास्थळ' चालेल?

– तेही टाळा. 'नामु अमिदा बुत्सु' (अमिदा बुद्धाला शरण) म्हणतात ते काही मागण्यासाठी नव्हे, कृतज्ञतेपोटी. आपल्या नामस्मरणाच्या जवळचं आहे ते. संस्थेचं नाव जसंच्या तसं ठेवा, वास्तूला तिच्या पाटीवर असेल ते म्हणा. बऱ्याच ठिकाणी 'टेंपल' लिहिलेलं आहे.

प्रश्नकर्ती : पटलं. १९४४ च्या आधीच्या मजकुरात संस्थेचं नाव 'मिशन'च ठेवते, आणि 'रविवारची प्रार्थना' खोडून 'रविवारची वंदना' केलंय.