पातं तुटलं, की दोष मेकॅनिकचाच?

सोनेगावकर:
माझी मुलगी छोट्या विमानावर उड्डाण शिकते, म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा. प्रोपेलरचं पातं तुटून अपघात झाला आणि 'मेकॅनिकचा निष्काळजीपणा' लिहून फाइल मिटवली, तर ती चौकशीच नव्हे. १९९५ साली अमेरिकेत अटलांटाहून निघालेल्या एम्ब्रेअर विमानाचं पातं हवेत तुटलं. माग काढत तपास पात्याच्या पोकळीपर्यंत गेला: आतल्या बुचातल्या क्लोरीनने गंजाचे बारीक खड्डे पडले, तिथून चीर सुरू झाली. हेच पातं आधी तपासणीत बाद होऊन दुरुस्तीला गेलं होतं आणि आतून घासून परत आलं होतं. ठपका तपासणीच्या पद्धतीवर, प्रशिक्षणावर, नोंदींवर आला. एका कामगाराशी थांबले असते तर?

हिंगणेकर:
नाही पटत भाऊ. मी वर्कशॉप चालवतो. सही करणाऱ्याला धाक नसला की तपासणी कागदावरच होते. खडा लागून पात्याच्या कडेला टवका उडाला, तर कानस मारून तो गुळगुळीत करायचा. ते न पाहताच सही ठोकली, तर त्याला गुन्हा नाही तर काय म्हणायचं?

धातूशास्त्र:
आधी तुकडा तर बघा. धातूच्या थकव्याने, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून, तुटलेल्या भागावर शिंपल्यासारख्या रेघा दिसतात, चीर तेवढी हळूहळू वाढलेली असते. उरलेला भाग खडबडीत, तो शेवटी एकदम तुटतो. रेघा जिथून सुरू होतात, तिथेच मूळ. म्हणून तुटकी तोंडं जुळवून पाहायची नाहीत, घासली की पुरावा गेला. लोक हटकून तेच करतात!

सोनेगावकर:
हिंगणेकर, आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं नाही. गुन्ह्याचं पोलीस आणि कोर्ट पाहतील. परवा मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद असल्याची खात्री करून मुलीने पात्याच्या कडेवरून नख फिरवलं, ते अडकलं. मेकॅनिक म्हणाला, "माझ्या नजरेतून सुटलं." लगेच बाकीची विमानंही तपासली. नोकरी जायची भीती असती तर बोलला असता का तो?

हिंगणेकर:
नजरेतून सुटलं, हे मान्य. त्याने सांगितलं, हे तर चांगलंच झालं. पण न पाहता सही करणारा आणि पाहूनही चुकणारा, हे दोघं मला एका पंगतीत नको.