मदत हवी आहे: 137 किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये जीपीएसच्या पल्सची गळती

नमस्कार मंडळी, 2200 मीटर (137 किलोहर्ट्झ) बँडवरचे एबनॉट संदेश (अतिशय क्षीण सिग्नलसाठीची, फेजवर चालणारी डिजिटल पद्धत) रात्रभर रेकॉर्ड करून नंतर डीकोड करतोय. फक्त ऐकतो, प्रक्षेपण नाही.

बाल्कनीत 1 मीटरचा लूप अँटेना. रिसीव्हर जीपीएसच्या 10 मेगाहर्ट्झवर लॉक, यूएसबी (अपर साइडबँड) मोड, एजीसी (आपोआप गेन बदलणारी सोय) बंद. ऑडिओ 1500 हर्ट्झच्या आसपास, सेकंदाला 48000 सॅम्पल, 16 बिट. साऊंड कार्डाला बाहेरचा क्लॉक देता येत नाही आणि त्याची 20 पीपीएमची (दहा लाखांत 20) चूक म्हणजे अर्ध्या तासात फेजचे 54 फेरे. म्हणून डाव्या चॅनेलवर सिग्नल, उजव्यावर जीपीएसची दर सेकंदाची पल्स, म्हणजे ही चूक नंतर मोजून काढता येते.

घोळ इथे आहे: पल्स डाव्या चॅनेलमध्ये झिरपते. स्पेक्ट्रममध्ये दर 1 हर्ट्झला बारीक, ठाम रेघ दिसते. पाठवणाराही जीपीएसवर आणि पूर्ण हर्ट्झवर असल्याने एक रेघ नेमकी त्याच्या कॅरियरवर (मूळ वाहक लहरीवर) बसते. सरासरी काढून ती जात नाही, उलट उठून दिसते.

करून पाहिलं: पल्स 100 पट कमी केली, ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातला, जीपीएसला वेगळी बॅटरी दिली. रेघ कमी झाली, गेली नाही. फाइल 4 जीबीला, म्हणजे सव्वासहा तासांच्या जरा आधी तुटायची. ते आरएफ64 ने (4 जीबीची मर्यादा नसलेला वेव्ह फाइलचा प्रकार) सुटलं.

पल्सऐवजी 10 किलोहर्ट्झचा लॉक केलेला टोन दिला तर गळतीची एकच रेघ, तीही दूर. पण 480 सॅम्पलचा बफर गळला (रेकॉर्ड व्हायचाच राहिला) तर बरोबर 100 आवर्तनं जातात आणि फेजमध्ये काहीच दिसत नाही. गळलेले सॅम्पलही पकडता येतील आणि कॅरियरही स्वच्छ राहील, असा टोन कोणत्या फ्रिक्वेन्सीचा घ्यावा?