मदत हवी आहे : सोसायटीच्या ग्रुपवर वहिनीच्या वजनावरून टोमणे

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिफ्टच्या रिपेअरिंगचं बिल आलं, आकडा मोठा होता म्हणून वहिनीने साधं विचारलं की कोटेशन किती जणांकडून घेतली, त्यावरून वाद पेटला आणि एका सभासदाने सरळ लिहिलं, "तुम्ही जिन्याने चढा, लिफ्ट आपोआप टिकेल." खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस, आणि हसणारे कोण तर गणपतीत तिच्याच हातचे मोदक खाणारे! कोटेशनचं उत्तर कोणीच दिलं नाही. तिला थायरॉइड आहे, गोळ्या चालू आहेत, पण नसता तरी काय फरक पडतो? बिलाचा आणि वजनाचा संबंध काय?

सेक्रेटरी अॅडमिन आहेत, ते म्हणतात मस्करी होती, सोडून द्या. २०२५ ला रोहित शर्माच्या वजनावरून एका पक्षाच्या प्रवक्तीने पोस्ट टाकली तेव्हा गदारोळ होऊन तिला ती डिलीट करावी लागली, मग घरातल्या बाईला बोललेलं चालतं का?

सभासदाच्या पोस्टसाठी निव्वळ अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय हे वाचलंय. पण मेसेज डिलीट करून समज तर देता येते ना? कमिटीला लेखी तक्रार द्यायची तर त्यात काय लिहावं, स्क्रीनशॉट जोडावेत का? आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ (बाईच्या विनयाचा अपमान करण्यासाठी वापरलेले शब्द, हावभाव वगैरे) अशा टोमण्याला लागतं का? कोणी वकील असेल तर प्लीज सांगा, वहिनीने ग्रुप सोडलाय आणि आता मीटिंगलाही यायला नको म्हणतेय.